सोफ्याला पाणी चालतं

तात्यांच्या हॉलमधल्या सोफ्याला पाणी चालतं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्यांना यात काही विशेष वाटणार नाही त्यांनी थोडं थांबावं. अंथुर्ण्यात हे वाक्य मी मोठ्यानं बोललो तर एक घर उलटंपालटं होईल आणि कळसला दुसरं.

तात्या म्हणजे माझे सासरे. अंथुर्ण्याला त्यांचा ऊस आहे, म्हशी आहेत आणि रस्त्याकडेला आता नवा बंगला आहे. मी काटेवाडीला राहतो, नोकरी बारामतीत एका ऑफिसात. कुठल्या, ते राहू दे. ऑफिसची यात काही चूक नाही.

सासरी मला 'वाचणारा जावई' म्हणतात. वाचणारा म्हणजे डबे वाचणारा. खताचं पोतं, बियाण्याची पिशवी, फवारणीचं औषध, ढोरांच्या औषधाच्या बाटल्या, काहीही घरात आलं की माझ्या पुढच्या फेरीपर्यंत ते ठेवून द्यायचं आणि मी चहा पीत असताना हातात द्यायचं, अशी पद्धत पहिल्या दिवाळसणापासून पडली. त्या सणाला मी कीटकनाशकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली होती. लाल त्रिकोण म्हणजे जहाल, पिवळा त्याच्या खालचा, मग निळा, मग हिरवा. अन्नपाण्यापासून लांब ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तात्या थक्क झाले होते.

"पाव्हणं, आमी इतकी वर्सं नुसतं वासावर चाललो हुतो की वो."

त्या दिवसापासून माझं वाचन शेवटचं ठरलं. आमच्याकडे जावयाचं बोलणं कुणी पुन्हा तपासून बघत नाही. तपासलं तर तो रुसेल, आणि रुसलेला जावई म्हणजे घरादाराला घोर. मी आयुष्यात कधी रुसलेलो नाही, पण ही सवलत मला नको, असंही मी कधी म्हटलं नाही.

बंगला बांधताना तात्यांची स्वतःची अशी एकच मागणी होती. त्यांचा जन्मभराचा चहा गोठ्याच्या तोंडाशी, उभ्यानं, धारेची बादली दुसऱ्या हातात धरून झालेला. इंजिनिअरनं नकाशा पुढं ठेवून विचारलं, "तात्या, तुम्हाला काय काय हवंय?" तर म्हणाले, "मला हॉलात बसून च्या प्यायचाय. बशीतनं. पाय वर घिऊन. बाकी तुमी कायबी बांधा."

तर हॉल झाला, सोफा ठरला, आणि त्याचं कापड निवडायला आम्ही सगळे बारामतीला गेलो. तात्या, सासूबाई, माझी बायको, मेव्हणा आणि मी. दुकानदारानं नमुन्यांचे जाडजूड गठ्ठे पुढं टाकले. एकावर एक कापडाचे तुकडे शिवलेले, आणि प्रत्येकाच्या मागं माहितीचं कार्ड. तात्यांनी म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा प्रत्येक तुकड्यावरून हात फिरवला आणि गुळाच्या रंगाचं, बारीक रेघेचं एक कापड धरून ठेवलं.

"ह्ये," ते म्हणाले.

"मळखाऊ हाय," सासूबाईंनी मंजुरी दिली. "पडदं बी ह्याचंच करा."

मग तात्या माझ्याकडे वळले. "वाचा, पाव्हणं."

दुकानदारही हातातली टेप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. मी कार्ड उलटलं. त्यावर अक्षरं जवळजवळ नव्हतीच. चित्रं होती. एक पसरट भांडं आणि त्यावर फुली. एक त्रिकोण, त्यावर फुली. इस्त्री, पोटात ठिपका. एक गोल. आणि खाली कुठेतरी हजारांतला एक आकडा.

मला यातलं काहीही कळत नव्हतं. आज कळतं. भांडं म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, इस्त्रीतले ठिपके म्हणजे ती किती गरम चालेल ते, गोल म्हणजे ड्रायक्लीन, आणि आकडा म्हणजे कापड यंत्रावर किती वेळा घासलं तरी टिकलं त्याचा. तेव्हा 'मला हे येत नाही' असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं, हे खरं आहे. पण मधेच मला त्रिकोण दिसला, आणि त्रिकोण माझ्या ओळखीचा होता.

"त्रिकोण आहे, तात्या."

सासूबाईंनी कापडावरचा हात काढून घेतला. "अगं बया, इखारी हाय का काय?"

"विषारी नाही. पण त्रिकोण आहे म्हणजे काळजी घ्यावी लागेल. आणि हे भांडं. भांड्यावर फुली. म्हणजे पाणी चालत नाही."

"धुवायचं न्हाय?" मेव्हण्यानं विचारलं.

इथं मी 'हो' म्हणून थांबलो असतो तरी पुष्कळ निभावलं असतं. पण तोंडात डब्यावरची भाषा बसलेली होती, ती आपोआप चालू झाली.

"धुवायचं तर नाहीच. अन्नपाण्यापासून लांब ठेवायचं. लहान मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. सील, म्हणजे उशांची चेन, उघडायची नाही."

दुकानदारानं तोंड उघडलं. मग त्यानं आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, ठरलेलं गिऱ्हाईक बघितलं, आणि तोंड मिटलं.

"आन् ह्यो आकडा?" तात्यांनी बोट ठेवलं.

"तितक्या वेळा बसता येतं."

तात्यांनी मान डोलावली. त्यांना हे लगेच पटलं. "म्हंजी ट्रॅक्टरचं तास असत्यात तसं."

"तसंच."

सोफा आला, पडदे लागले, आणि हॉल कोरडा झाला. म्हणजे तसा हुकूम कुणी काढला नाही, पण घर आपोआप त्या लेबलाप्रमाणे चालायला लागलं. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या. तो आता बाहेर पोर्चमध्ये मिळायचा. तिथंच चहा, तिथंच फरसाण, सगळं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मग खांबाला अडकवलेल्या टॉवेलला हात पुसून, तोंड पुसून, कोरडं होऊन पाहुणा हॉलमध्ये. आत गेल्यावर करायचं काही उरलेलं नसायचं. माणसं सोफ्याच्या कडेला टेकून पंख्याकडे बघत बसायची आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर यायची.

घरची माणसं तर बसायचीच नाहीत. "तास कशाला वाया घालवायचं?" तात्या म्हणायचे. आलेला शेजारी नुसता टेकून उठला तर ते हळूच मेव्हण्याला विचारायचे, "ह्ये धरायचं का?"

पडद्यांचं आणखी वेगळं. ऊस तुटून गेला की शिवारात पाचट पेटतं आणि काळी काजळी उडत उडत घरात येते. पडदे काळे होणार, पाणी चालणार नाही, म्हणजे बारामतीला ड्रायक्लीन. ते चुरगळू नयेत म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर आडवे निजवून नेत. एकदा सासूबाईंना दवाखान्यात यायचं होतं आणि त्याच दिवशी पडदेही निघाले होते. गाडीत पडदे आले, सासूबाई एसटीनं आल्या. उतरल्यावर मला म्हणाल्या, "पाव्हणं, पडदं नीट पोचलं न्हवं?"

मला तेव्हा हसू आलं होतं. मी खरंच समजत होतो की कापड तसंच आहे, आणि मी सगळ्यांना जपतोय.

मग मेव्हण्याचं लग्न निघालं. स्थळ कळसचं. मुलीकडची मंडळी घर बघायला आली. भरल्या घरची, चांगली, मोकळी माणसं. त्यांना पोर्चमध्ये उभ्याउभ्या पोहे दिले. चहा दिला. मग टॉवेल दिला. मुलीच्या चुलत्यांनी हात पुसता पुसता मला कोपऱ्यात घेतलं.

"आत द्येवघर हाय का वो?"

"नाही. हॉल आहे."

"मंग च्या हितं का प्याचा?"

"कापडाला चालत नाही."

ते चपला नीट ओळीत लावून, मान खाली घालून आत गेले. मी म्हटलं, जुळत नाही आता हे. पण दुसऱ्याच दिवशी होकार आला. निरोप असा की लई शिस्तीचं घर हाय, पोरीला वळण लागंल. लग्न झालं. त्यानंतर महिनाभरात कळसच्या व्याह्यांनी स्वतःच्या घरी सोफा केला आणि त्याचं लेबल वाचायला मला गाडी पाठवली. अंथुर्ण्यात एक आणि कळसला दुसरंच कसं सांगणार? तिथंही मी तेच वाचलं. कळसचा हॉलही कोरडा झाला.

यानंतर आमच्या ऑफिसात येणाऱ्या लोकांसाठीच्या खुर्च्यांना नवी गादी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच दुकानात फोन केला, म्हटलं, ऑफिसला चालेल असं काहीतरी लावून द्या. खुर्च्या आल्या. गुळाचा रंग. बारीक रेघ.

मी दचकलो. आधी वाटलं, बिचाऱ्यांनी चुकून भारीचं कापड लावलं. मग गादीची चेन उघडली. आतल्या शिवणीत एक पांढरी पट्टी होती. त्यावर भांडं होतं, भांड्यात पाणी होतं, पाण्यात आकडा होता, आणि फुली नव्हती. शंभर टक्के पॉलिएस्टर. मी मोबाईलवर ती सगळी चिन्हं शोधून काढली, जे काम मी दुकानात उभा असताना करायला हवं होतं. कोमट पाण्यात मशिनला धुवा. एवढंच त्यात होतं.

त्या रविवारी मी एकटाच अंथुर्ण्याला गेलो. दुपारची वेळ, सासूबाई गोठ्यात, बाकी सगळे रानात. मी पोर्चमध्ये हात धुतले, टॉवेलला पुसले. हे मला आज लिहितानाही विचित्र वाटतं. ज्या नियमाचं खोटेपण तपासायला चाललो होतो तो नियम मी काटेकोर पाळत होतो. हॉलमध्ये गेलो, गुडघे टेकले, सोफ्याच्या उशीची चेन उघडली आणि आत हात घातला. तीच पांढरी पट्टी. भांड्यात पाणी. दुकानात मी कार्ड वाचलं होतं ते गठ्ठ्यातल्या वरच्या कापडाचं. तात्यांचा हात होता खालच्या कापडावर.

"काय वो पाव्हणं?"

दारात तात्या होते. माझा हात कोपरापर्यंत उशीत.

"काही नाही. बघतोय जरा."

"कीड लागली का काय?"

सांगायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती. घरात दुसरं कुणी नव्हतं. पट्टी माझ्या बोटात होती, नुसती बाहेर ओढून दाखवायची होती. पण कळसची ती माणसं डोळ्यांपुढं आली, ओळीत लावलेल्या चपला आल्या, आणि 'शिस्तीचं घर' म्हणून आलेली ती सून आली.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे अजून लागली नाही. पण लागू शकते."

"बरं झालं तुमी बघितलं," तात्या म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक उशीत डांबरगोळ्या पडल्या. आता हॉलमध्ये कोरडं होऊन गेलेला पाहुणा डोळे चोळत बाहेर यायला लागला.

तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीला झालं. नंतरच्या तपासणीला आले तेव्हा ते प्रथमच माझ्या ऑफिसात आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि बसवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना कशावर बसवलंय. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. कपबशी बघताच तात्या उठायला लागले.

"नगं, मी उभ्यानंच घितो."

"बसून घ्या तात्या. इथं चालतं."

ते अवघडून बसले. मग हळूहळू मागं रेलले. मग इकडंतिकडं बघून एक पाय वर घेतला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि नव्या डोळ्याचा अंदाज चुकून निम्मी बशी गादीवर सांडली.

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीनं गादी पुसायला लागले. परीटघडीची टोपी. ती त्यांनी माझ्या लग्नातही कुणासाठी काढली नव्हती. शिपाई धावत ओलं फडकं घेऊन आला.

"आरं पाणी नगं! पाणी नगं लावू त्येला!"

"तात्या, रोजच सांडतोय की हितं च्या," शिपाई म्हणाला. "कव्हर काढायचं, मशिनला टाकायचं. कायबी हुत न्हाय. ती टोपी द्या इकडं, ती मातूर धुवाय लागंल."

तात्यांनी गादीवरून हात फिरवला. उलटा फिरवला, सुलटा फिरवला. म्हशी पारखलेला हात तो.

"पाव्हणं, ह्ये आपल्यासारखंच लागतंय हाताला."

"दिसायला तसंच आहे," मी म्हणालो. "लेबल वेगळं आहे."

"ह्येला पाणी चालतं?"

"ह्याला चालतं."

ओली टोपी मांडीवर होती.

"मंग आपुन ह्येच घ्याला पायजे हुतं."

आणि मग माझा चेहरा बघून, मलाच समजावत म्हणाले, "जाऊ द्या. तुमी तरी काय करनार? पसंत मीच क्येलं हुतं त्ये."

मी अनेक गोष्टी विसरलो आहे, हे वाक्य विसरता येत नाही.

त्यानंतर ते बाजारच्या दिवशी येऊ लागले. बाजारात काही काम नसायचं. अंथुर्ण्याहून एसटीनं बारामतीला यायचं, ऑफिसात त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचं, बशीतनं चहा प्यायचा आणि परतीची एसटी धरायची. ऑफिसातले लोक भिंतीकडची खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवायचे. कुणी विचारलं तर ते अभिमानानं सांगायचे, "आमच्याकडं बी असलंच हाय, पर आमचं जरा नाजूक हाय." आणि मी समोरच्या टेबलावर फाईल उघडून, मान खाली घालून, काहीही न वाचता बसायचो. ज्या कापडावर त्यांनी घरात चहा प्यायचा, त्याच कापडावर चहा प्यायला ते एवढा प्रवास करत होते, आणि तिकडं त्यांचा सोफा डांबरगोळ्या पोटात घेऊन तास वाचवत होता.

आता गुडघ्यांमुळे त्यांचं येणं थांबलंय. एसटीची पायरी चढता येत नाही. ते पोर्चमध्येच प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, तोंड हॉलच्या खिडकीकडे करून. परवा मी गेलो होतो. चहा आला. त्यांनी बशीत ओतला आणि खिडकीतून आत बघत मला विचारलं,

"त्या खुर्च्या हायत का अजून?"

"आहेत."

"मळल्या?"

"धुतल्या मागच्या महिन्यात."

"धुऊन बी तशाच?"

"तशाच."

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, औशिदाच्या डब्यावर मुदत असती. ह्ये लेबल मुदतीचं न्हाय का? इतकी वर्सं झाली, उतरला नसंल का त्याचा अंमल?"

त्यांनी दोर टाकला होता. म्हातारा माणूस पोर्चमधून मला बाहेर ओढत होता. 'हो तात्या, संपली मुदत, चला आत,' एवढंच म्हणायचं होतं. कुणाची चूक निघाली नसती, कळसलाही तोच निरोप गेला असता, आणि सगळं खोटं एका शेवटच्या खोट्यानं धुऊन निघालं असतं. पण मला लेबल वाचायची सवय. माझ्या तोंडून अगदी बरोबर उत्तर गेलं.

"कापडाला मुदत नसते, तात्या."

"न्हाय का?" ते म्हणाले. "बरं." आणि उरलेला चहा प्यायले.

इतक्या वर्षांत त्या सोफ्याबद्दल मी त्यांना सांगितलेली ही एकच खरी गोष्ट.

म्हणून हे लिहून काढलं. अंथुर्ण्याला जाऊन तोंडानं सांगायला निघालो तर पोर्चपर्यंत पोचेपर्यंत मी पुन्हा जावई होईन, हे मला माहीत आहे. हा कागद मी तात्यांनाच वाचून दाखवणार आहे. वाचून दाखवणं तेवढं मला जमतं. ते रागावतील की हसतील, याचा अंदाज नाही. सासूबाई पडदे आणि एसटी आठवून काय बोलतील, याचा मात्र आहे.

मी तात्यांना एक कप चहा देणं लागतो. त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या सोफ्यावर, बशीतून, पाय वर घेऊन. तो मी अजून दिलेला नाही.